मैदानाच्या कडेला: क्रीडा-प्रसिद्धीतील स्त्रिया आणि त्यांच्याभोवतीचा वाद

फॉर्म्युला वनच्या शर्यतीत गाड्या सुरुवातीच्या रेषेमागे दोन रांगांत, आठ-आठ मीटर अंतर राखून पुढेमागे उभ्या राहतात. या जागेला ग्रिड म्हणतात. शर्यत सुटण्यापूर्वी साधारण अर्धा तास ग्रिडवर पाय ठेवायला जागा नसते. टायरांना गरम ब्लँकेटे गुंडाळणारे मेकॅनिक, आकडे तपासणारे अभियंते, कॅमेरेवाले, प्रायोजकांनी आणलेले पाहुणे, मध्येच एखादा सिनेनट अशी सगळी गर्दी. २०१७च्या हंगामापर्यंत या गर्दीत प्रत्येक गाडीच्या जागेवर एक तरुणी हमखास असे. अंगावर प्रायोजकाच्या रंगांचा तंग पोशाख, पायांत उंच टाचा आणि हातात चालकाचे नाव किंवा क्रमांक लिहिलेली पाटी. गाडी येण्याआधी ती हजर असे, राष्ट्रगीत होईपर्यंत उन्हात उभी राही आणि शर्यत सुटायच्या सुमारास बाहेर निघून जाई. शर्यत संपली की याच तरुणी विजयमंचाकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून टाळ्या वाजवत. चालकाला आपली जागा कळावी म्हणून पाटी, असे कारण दिले जाई. पण ती जागा डांबरावर पांढऱ्या रंगाने आखलेलीच असते. पाटीपेक्षा पाटी धरणारी दिसावी हा उद्देश होता आणि तो कोणी फारसा लपवलाही नाही.

३१ जानेवारी २०१८ रोजी फॉर्म्युला वनच्या व्यवस्थापनाने ही प्रथा बंद केल्याचे जाहीर केले. व्यापारी विभागाचे प्रमुख शॉन ब्रॅचेस यांच्या निवेदनाचा आशय असा की, अनेक दशके चालत आलेली ही रीत आता खेळाच्या मूल्यांशी आणि आजच्या सामाजिक धारणांशी जुळत नाही. पाच दिवसांनी पुढची घोषणा झाली: ग्रिडवर यापुढे लहान मुले उभी राहतील आणि त्यांची निवड स्थानिक मोटरस्पोर्ट क्लब कामगिरीवरून किंवा सोडतीने करतील. मार्चअखेर मेलबर्नला हंगाम सुरू झाला तो या नव्या व्यवस्थेने.

या घोषणेच्या चारच दिवस आधी ब्रिटनमधल्या प्रोफेशनल डार्ट्स कॉर्पोरेशनने असाच निर्णय घेतला होता. डार्ट्सचा खेळाडू संगीताच्या गजरात, प्रेक्षकांमधून वाट काढत मंचाकडे येतो. त्याच्या दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या मॉडेल हा त्या मिरवणुकीचा ठरलेला भाग होता. दूरचित्रवाणी वाहिन्यांशी बोलणे झाल्यावर संस्थेने तो भाग वगळला. त्याच आठवड्याच्या सुरुवातीला 'फायनान्शियल टाइम्स'ने लंडनच्या डॉर्चेस्टर हॉटेलातील, फक्त पुरुषांसाठी असलेल्या एका धर्मादाय मेजवानीची बातमी छापली होती. तिथे नेमलेल्या सुमारे १३० यजमान तरुणींपैकी अनेकींशी पाहुण्यांनी अंगलगट केल्याचे त्या बातमीत होते. अमेरिकेत 'मी टू'ची लाट येऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. निर्णय एकाच आठवड्यात लागोपाठ आले हा योगायोग नव्हता.

तरीही केवळ लाटेमुळे हे घडले असे म्हणणे अपुरे ठरेल. जानेवारी २०१७मध्ये लिबर्टी मीडिया या अमेरिकी कंपनीने फॉर्म्युला वनचा ताबा घेतला आणि बर्नी एक्लस्टन यांची दीर्घ राजवट संपली. नव्या मालकांना तरुण प्रेक्षक हवा होता, कुटुंबे हवी होती, अमेरिकेची बाजारपेठ हवी होती. मार्च २०१९मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली 'ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह' ही मालिका याच धोरणाचे फळ. नव्या गिऱ्हाइकाला न शोभणारी गोष्ट दुकानातून काढून टाकावी, इतका तो व्यवहार सरळ होता. वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिप या लांब पल्ल्याच्या शर्यतमालिकेने हेच २०१५मध्ये केले होते, तेव्हा त्याची फारशी चर्चाही झाली नाही.

ही प्रथा आणली तीही पैशानेच. १९६५मध्ये ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवरच्या सिगारेटच्या जाहिरातींवर बंदी आली. १९६८पासून फॉर्म्युला वनच्या गाड्यांवर प्रायोजकांची नावे रंगवायला मुभा मिळाली आणि त्याच वर्षी लोटसची गाडी गोल्ड लीफ सिगारेटच्या लाल-सोनेरी रंगांत धावली. पुढची तीन दशके तंबाखू कंपन्या या खेळाच्या सर्वांत मोठ्या आश्रयदात्या होत्या. जाहिरातीला जागा नाही तिथे रंग आणि चिन्ह पोहोचवायचे असेल, तर गाडीनंतरचे दुसरे साधन म्हणजे त्या रंगांचे कपडे घातलेले माणूस. आणि प्रेक्षक पुरुष आहेत असे गृहीत धरल्यावर ते माणूस स्त्री असणार हे ठरूनच गेले. जपानमध्ये 'रेस क्वीन' हा तर स्वतंत्र व्यवसायच झाला. त्यांची छायाचित्रे, चाहते, वार्षिक पुरस्कार सगळे आहे आणि ते आजही चालू आहे. बॉक्सिंगमध्ये दोन फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात क्रमांकाची पाटी घेऊन रिंगणात फिरणाऱ्या तरुणींचा उगम लास व्हेगासच्या कॅसिनो-संस्कृतीत आहे.

चीअरलीडिंगची कहाणी याहून वेगळी आहे. २ नोव्हेंबर १८९८ रोजी मिनेसोटा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्पबेल या विद्यार्थ्याने प्रेक्षकांपुढे उभे राहून घोषणा द्यायला सुरुवात केली आणि तिथून ही रीत पडली. नंतरची कित्येक वर्षे हे काम पुरुषांचे होते. त्याच विद्यापीठात १९२३च्या सुमारास स्त्रियांना चीअरलीडिंगमध्ये प्रवेश मिळाला. दुसऱ्या महायुद्धात तरुण मुले रणांगणावर गेली तेव्हा जागा मोकळ्या झाल्या आणि चित्र पालटले. १९७२मध्ये डॅलस काउबॉइज या संघाने व्यावसायिक नर्तकींचा ताफा उभा केला. तेव्हापासून चीअरलीडर म्हटले की जगभर जी प्रतिमा डोळ्यांपुढे येते ती या संघाने घडवलेली आहे.

सायकल शर्यतींत वाद सर्वांत लांबला. फ्रान्स, बेल्जियम, इटली या देशांत विजेत्याला पुष्पगुच्छ देणाऱ्या, दोन्ही गालांचे चुंबन घेणाऱ्या दोन तरुणी हा विजयमंचाचा ठरलेला देखावा होता. मार्च २०१३च्या अखेरीस टूर ऑफ फ्लँडर्सच्या विजयमंचावर फाबियान कान्सेलाराला पहिले, तर पीटर सागानला दुसरे स्थान मिळाले. यजमान तरुणी कान्सेलाराला शुभेच्छा देण्यासाठी वाकली असताना शेजारी उभ्या सागानने तिच्या पार्श्वभागाला चिमटा काढला. छायाचित्र जगभर गेले. सागानने माफी मागितली. पण दोन वर्षांनी बेल्जियममधल्याच ई-थ्री हारेलबेके या शर्यतीच्या संयोजकांनी त्या प्रसंगाची आठवण करून देणारे, स्त्रीच्या देहाकडे सरकणारा हात दाखवणारे भित्तिपत्रक छापले. जागतिक सायकलिंग संघटनेने हस्तक्षेप केल्यावर ते मागे घेतले गेले. चिमट्यापेक्षा भित्तिपत्रक अधिक बोलके आहे. चिमटा हा एका तरुण खेळाडूचा उर्मटपणा म्हणून सोडून देता येतो. भित्तिपत्रकाला मात्र कल्पना सुचणे, चित्र काढणे, मान्यता देणे, छापणे असे अनेक टप्पे असतात आणि यातल्या एकाही टप्प्यावर कोणाला ते खटकले नाही. विजयमंचावरच्या त्या तरुणीकडे संयोजक काय म्हणून पाहत होते, याचा याहून स्वच्छ पुरावा मिळणे कठीण.

ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या टूर डाउन अंडर शर्यतीने २०१७मध्ये तरुणींऐवजी उदयोन्मुख सायकलपटूंना विजयमंचावर उभे केले. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारने त्या कामासाठी मॉडेलवर सरकारी पैसा खर्च करायला नकार दिला होता. टूर द फ्रान्सने मात्र २०२०पर्यंत वेळ घेतला. तेव्हाही तिथल्या तरुणी पुरत्या गेल्या नाहीत. दोघींच्या जागी एक स्त्री आणि एक पुरुष आला. हा तोडगा चतुर आहे. देखणेपणाचे प्रदर्शन तसेच राहिले, फक्त त्यात पुरुषाची भर पडली.

पुरुष उभे केले की काय होते, हे फॉर्म्युला वनने आधीच अनुभवले होते. २०१५च्या मोनाको शर्यतीत ग्रिडवर पाट्या धरायला पुरुष मॉडेल होते. गाडी कोणा पुरुषामागे उभी करावी लागते याबद्दल चालक सेबास्टियन फेटेलने चेष्टेच्या सुरात नाराजी व्यक्त केली. चेष्टा असली तरी तिच्यातून प्रथेचा पाया उघडा पडला: पाटी धरणे हे काम असते, तर ते कोणी केले याने चालकाला काहीच फरक पडला नसता.

२०१८च्या निर्णयाला सर्वांत तीव्र विरोध केला तो ज्यांचे काम गेले त्या स्त्रियांनी. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: हे काम आम्ही निवडले, त्यात आम्हाला अपमान वाटला नाही, त्याचे पैसे वेळेवर मिळत होते, अनेकींचे शिक्षण किंवा घरभाडे त्यावर चालत होते, आमच्या हक्कांसाठी लढतो म्हणणाऱ्यांनी आम्हाला न विचारता आमचे काम काढून घेतले. तीन वेळा विश्वविजेता ठरलेल्या निकी लाउडा यांनीही हा निर्णय स्त्रियांच्या विरोधातला असून तो पुरुषांनी परस्पर घेतला आहे, अशी टीका केली. डार्ट्सच्या प्रेक्षकांनी प्रथा परत आणावी म्हणून अर्जावर हजारोंनी सह्या केल्या.

या युक्तिवादाला प्रतिगामी म्हणून उडवून लावणे सोपे आहे, पण बरोबर नाही. त्यात एक अडचणीचे सत्य आहे. निर्णय जाहीर करणारे अधिकारी पुरुष होते, त्यांना त्या स्त्रियांपैकी कोणाशी बोलावेसे वाटले नव्हते आणि काम जाणाऱ्यांना भरपाई देण्याचा विचार कुठे दिसत नाही. बहुतेकींचा करार खेळाच्या संस्थेशी नव्हताच. तो मॉडेल पुरवणाऱ्या एजन्सीशी, तोही शर्यतीपुरता. त्यामुळे कोणाला कामावरून काढले असे कागदावर कुठे आलेच नाही.

मात्र त्या युक्तिवादाची मर्यादाही स्पष्ट आहे. एखादीने काम स्वखुशीने स्वीकारले याने तिच्यावर जबरदस्ती झाली नाही एवढे सिद्ध होते. त्या कामाने प्रेक्षकाला काय सांगितले, हा प्रश्न तिच्या संमतीने सुटत नाही. तेव्हाच्या ग्रिडवर वीस गाड्या. चालक सगळे पुरुष, अभियंते जवळपास सगळे पुरुष आणि स्त्री दिसे ती पाटीपाशी. शर्यत पाहायला आलेल्या दहा वर्षांच्या मुलीला या मांडणीतून स्वतःची जागा कळे. फॉर्म्युला वनच्या इतिहासात गुण मिळवणारी स्त्री एकच आहे: इटलीची लेल्ला लोंबार्दी. १९७५च्या स्पॅनिश शर्यतीत, बार्सेलोनाच्या माँटजुइक मार्गावर ती सहावी आली. पण अपघातात प्रेक्षक दगावल्यामुळे शर्यत अर्ध्यावर थांबवली गेली, गुण निम्मे झाले आणि तिच्या नावावर अर्धा गुण लागला. १९७६मध्ये ऑस्ट्रियात ती शेवटची धावली. त्यानंतर एकाही स्त्रीने फॉर्म्युला वनची शर्यत सुरू केलेली नाही. ग्रिडवर स्त्रिया होत्या त्या काळातही आणि त्या गेल्यावरही.

कामाच्या अटींचा प्रश्न अमेरिकेत न्यायालयात गेला आणि तिथे वादाला वेगळेच वळण लागले. जानेवारी २०१४मध्ये ओकलंड रेडर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या एका चीअरलीडरने संघावर दावा दाखल केला. घरच्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याचे १२५ डॉलर, म्हणजे संपूर्ण हंगामाचे १,२५० डॉलर, आणि तेही हंगाम संपल्यावर एकरकमी. सरावाचे तास, प्रायोजकांच्या कार्यक्रमांतली हजेरी, दिनदर्शिकेसाठीचे फोटो यांचे पैसे नाहीत. सगळे तास मोजले तर मोबदला ताशी पाच डॉलरच्याही आत येत होता, म्हणजे किमान वेतनाहून कितीतरी कमी. केस रंगवण्याचा आणि सजण्याचा खर्च पदरचा. सरावाला नाचताना हातात धरायचे झुबके चुकीचे आणले तर दहा डॉलर दंड. ज्या संघाची उलाढाल कोट्यवधी डॉलरची, त्या संघाच्या दंडाच्या यादीत झुबक्यांनाही जागा होती! संघाने साडेबारा लाख डॉलर देऊन तडजोड केली. पाठोपाठ इतर संघांवरही दावे झाले आणि २०१५मध्ये कॅलिफोर्निया राज्याने कायदा करून व्यावसायिक संघांच्या चीअरलीडरना कर्मचाऱ्याचा दर्जा दिला. किमान वेतन, जादा कामाचा मोबदला, आजारपणाची रजा हे सगळे त्यात आले. इथे कोणी चीअरलीडिंग बंद करा म्हणत नव्हते. कपडे किती, हावभाव कसे, हा मुद्दाच नव्हता. संपूर्ण वादात इतका मुद्द्याला धरून असलेला टप्पा दुसरा नाही. दशकभरानंतरही हा प्रश्न संपलेला नव्हता: डॅलसच्या चीअरलीडरचे मानधन २०२५मध्ये चौपटीहून अधिक वाढल्याची बातमी आली, तेव्हा आधी ते किती तुटपुंजे होते हेही उघड झाले.

भारतात हा वाद आला तो आयपीएलबरोबर. १८ एप्रिल २००८ रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर स्पर्धेचा पहिला सामना झाला. विजय मल्ल्या यांच्या बंगळुरू संघाने त्यासाठी वॉशिंग्टनच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या चीअरलीडर आणल्या होत्या. पाच दिवसांचे कसोटी सामने पाहत मोठ्या झालेल्या प्रेक्षकाला चौकारागणिक नाचणाऱ्या परदेशी तरुणी हा नवाच प्रकार होता. महाराष्ट्रात लोकप्रतिनिधींनी आक्षेप घेतला, तत्कालीन गृहराज्यमंत्री सिद्धराम म्हेत्रे यांनी हा प्रकार अश्लील असल्याचे सांगून बंदीची भाषा केली. बंदी आली नाही. काही ठिकाणी पोशाख अंगभर झाला आणि सामने सुरू राहिले.

त्याच हंगामात मोहालीत जे घडले त्यावर मात्र सभागृहांत आवाज उठला नाही. ब्रिटनहून आलेल्या दोन कृष्णवर्णीय चीअरलीडरना, त्यांच्याच सांगण्यानुसार, कातडीच्या रंगामुळे मैदानावर जाऊ दिले नाही. प्रेक्षकांना गोऱ्या मुली हव्या आहेत, असे कारण त्यांना दिले गेले. उघड्या पायांमुळे संस्कृती बुडते म्हणणाऱ्यांना कातडीच्या रंगावरून केलेली निवड बुडवणारी वाटली नाही. २०११मध्ये मुंबईच्या संघासाठी नाचणाऱ्या एका दक्षिण आफ्रिकन तरुणीने सामन्यानंतरच्या पार्ट्यांतले खेळाडूंचे वागणे टोपणनावाने लिहून प्रसिद्ध केले. ओळख उघड झाली आणि तिला मायदेशी धाडण्यात आले. तिने जे लिहिले त्याची चौकशी झाल्याचे कधी ऐकिवात आले नाही.

त्याच वर्षी आयपीएलमधल्या पुणे वॉरियर्स संघाने पारंपरिक भारतीय वेशभूषेतल्या नर्तकी मैदानाच्या कडेला उभ्या केल्या. संस्कृतिरक्षकांचा आक्षेप त्यामुळे शमला, पण नर्तकीचे काम, तिची जागा आणि तिचा करार यांत तसूभरही फरक पडला नाही.

२००८च्या त्या गदारोळात महाराष्ट्रात एक प्रश्न वारंवार विचारला गेला: डान्स बार बंद करणारे राज्य चीअरलीडर कशा चालवून घेते? या प्रश्नाला पार्श्वभूमी होती. २००५मध्ये आर. आर. पाटील गृहमंत्री असताना मुंबई पोलीस कायद्यात दुरुस्ती करून उपाहारगृहे, परमिट रूम आणि बिअर बारमधल्या नृत्यावर बंदी घातली गेली. तीन आणि त्यावरील तारे असलेल्या हॉटेलांना त्यातून सूट होती. २००६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द ठरवली आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. श्रीमंतांच्या हॉटेलातले नृत्य सभ्य आणि साध्या बारमधले असभ्य, हा भेद समानतेच्या तत्त्वात बसत नाही, तसेच बंदीने स्त्रियांच्या व्यवसाय करण्याच्या हक्कावर घाला येतो, असे न्यायालयाने म्हटले. बंदीमुळे बेकार झालेल्या स्त्रियांची संख्या न्यायालयापुढे सुमारे ७५ हजार सांगितली गेली होती. बंदीने शोषण थांबवल्याचे दिसले नाही, रोजगार मात्र गेला. राज्याने पुन्हा कायदे केले; २०१९मध्ये न्यायालयाने त्यांतल्याही कित्येक अटी, उदाहरणार्थ नृत्याच्या जागी सीसीटीव्ही लावण्याची सक्ती, रद्द केल्या.

डान्स बार हे क्रीडांगण नाही आणि बारबालेचे हलाखीचे आयुष्य ग्रिडवरच्या मॉडेलच्या आयुष्याशी जोडता येत नाही. तरी त्या निकालाने एक गोष्ट नेमकी पकडली आहे, जी क्रीडाक्षेत्रातल्या चर्चेत सतत निसटते. सजवून उभ्या केलेल्या स्त्रीला होणारे आक्षेप वरवर सारखे दिसतात, पण ते दोन आहेत. एका आक्षेपाला ती दिसायलाच नको असते. तिचा देह, तिचे कपडे, तिचे हसणे यांनी समाज बिघडतो असे तो मानतो. तिने तिथून जावे, पुढे तिचे काहीही होवो. दुसरा आक्षेप तिच्यावर नसून मांडणीवर असतो: स्त्रीला शोभेची जागा मिळते आणि खेळण्याची मिळत नाही, हे त्याला खटकते. पहिल्याचे समाधान ती निघून गेल्यावर होते. दुसऱ्याचे काम तिथून पुढे सुरू होते. त्यामुळे एखाद्या संस्थेने प्रथा बंद केली तेव्हा तिने कोणता आक्षेप मान्य केला, हे त्या दिवशीच्या निवेदनावरून कळत नाही. नंतरच्या काही वर्षांत तिने काय केले त्यावरून कळते.

या कसोटीवर डार्ट्स सर्वांत उजवा ठरतो, जरी पबमध्ये वाढलेल्या या खेळाकडून कोणी तशी अपेक्षा केली नव्हती. मॉडेलची मिरवणूक बंद झाली त्याच वर्षीपासून संस्थेने जागतिक स्पर्धेत दोन जागा स्त्रियांसाठी ठेवल्या. १७ डिसेंबर २०१९ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये फॅलन शेरॉक या खेळाडूने टेड एव्हेट्सला हरवले. त्या स्पर्धेत पुरुषाला हरवणारी ती पहिली स्त्री. पुढच्या फेरीत तिने अकरावे मानांकन असलेल्या मेन्सुर सुल्योविचलाही घरी पाठवले. पूर्वी ज्या वाटेने मॉडेल खेळाडूला मंचापर्यंत पोहोचवत, त्याच वाटेने ती आपल्या गाण्याच्या तालावर चालत आली होती.

फॉर्म्युला वनची प्रगती अडखळती आहे. स्त्रियांसाठीची डब्ल्यू सिरीज २०१९मध्ये वेगळ्या प्रवर्तकांनी सुरू केली आणि २०२२मध्ये पैशाअभावी ती बंद पडली. मग २०२३पासून फॉर्म्युला वनने स्वतःची एफ-वन अकॅडमी काढली. टूर द फ्रान्सच्या संयोजकांनी २०२२मध्ये स्त्रियांची स्वतंत्र टूर सुरू केली. त्या वर्षी तिच्या विजेतीला ५० हजार युरो मिळाले आणि पुरुषांच्या विजेत्याला पाच लाख.

दुसरीकडे काही संघटना खेळाडूलाच शोभेच्या जागी नेऊ पाहत होत्या. २००४मध्ये फुटबॉलचे जागतिक प्रमुख सेप ब्लाटर यांनी महिला खेळाडूंनी अधिक तंग पँट घालाव्यात, असे सुचवले. २०११मध्ये बॅडमिंटनच्या जागतिक महासंघाने वरच्या पातळीच्या स्पर्धांत स्त्रियांना स्कर्टची सक्ती करण्याचा नियम आणला. जगभरातून टीका झाल्यावर तो गुंडाळला. २०२१मध्ये बल्गेरियातल्या युरोपीय स्पर्धेत बिकिनीऐवजी आखूड पँट घातली म्हणून नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघाला दीड हजार युरो दंड झाला आणि ओरड झाल्यावर काही महिन्यांतच नियम बदलला. प्रायोजकाची पाटी धरणाऱ्या मुलीकडे आणि चेंडू फेकणाऱ्या मुलीकडे पाहण्याची नजर एकच असू शकते, हे यावरून दिसते.

भारतातला हिशेब संमिश्र आहे. २००३च्या विश्वचषकात मंदिरा बेदी यांनी क्रिकेटच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन केले तेव्हा त्यांच्या प्रश्नांपेक्षा ब्लाउजवर अधिक लिहिले गेले. आज स्त्रीने सामन्याचे सूत्रसंचालन किंवा समालोचन करणे यात कोणाला विशेष वाटत नाही. २०२२मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने स्त्री-पुरुष खेळाडूंचे सामना-मानधन समान केले. २०२३च्या मार्चमध्ये मुंबई आणि नवी मुंबईत महिला प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. पाच संघांच्या लिलावातून मंडळाला ४,६६९ कोटींहून अधिक रक्कम मिळाली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक जिंकला. यातले काहीही चीअरलीडर हटवून मिळालेले नाही. पुरुषांच्या आयपीएलमध्ये मैदानाच्या कडेला त्या आजही दिसतात.

त्यांना हटवण्याचा प्रयत्न क्रिकेट मंडळाकडून एकदा झाला आणि तो ज्या कारणाने झाला ते पाहण्यासारखे आहे. २०१३च्या हंगामात काही क्रिकेटपटूंना सामन्यांतल्या ठरावीक षटकांचा सौदा केल्याच्या आरोपावरून अटक झाली. जूनमध्ये जगमोहन दालमिया यांच्या नेतृत्वाखालच्या मंडळाने 'ऑपरेशन क्लीन-अप' जाहीर केले आणि त्यात सामन्यानंतरच्या पार्ट्यांबरोबर चीअरलीडरही बंद करण्याचे ठरले. पैसे खाल्ल्याचा आरोप गोलंदाजांवर, आणि साफसफाई नर्तकींची. पुढच्या हंगामात त्या पुन्हा मैदानावर होत्या.

योगायोगाने त्याच २०१३ सालात संसदेने कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा कायदा केला आणि डिसेंबरमध्ये तो अमलात आला. कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत या कायद्याने स्टेडियम, क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागा यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. कर्मचाऱ्याच्या व्याख्येत कंत्राटी, रोजंदारीवरचे आणि एजंटामार्फत आलेलेही धरले आहेत, मग मुख्य मालकाला त्यांची माहिती असो वा नसो. कामाच्या निमित्ताने भेट दिलेली जागा आणि मालकाने पुरवलेली वाहनव्यवस्थाही त्या व्याख्येत येते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक मालकाने तक्रारी ऐकण्यासाठी अंतर्गत समिती नेमायची असते आणि तिची अध्यक्ष स्त्रीच असावी लागते. एजन्सीने परदेशातून महिना-दीड महिन्यासाठी आणलेली नर्तकी सामना संपल्यावर संघाच्या बसने संघाने ठरवलेल्या पार्टीला जाते, तेव्हा तीही या कायद्याच्या कक्षेत असते.